धर्मानंद कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६ – ४ जून १९४७) हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक आणि मराठी लेखक होते. आधुनिक काळात महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया त्यांनी घातला. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र. हिंदू घरात जन्मलेले, बौद्ध संघात दीक्षा घेतलेले, पुढे चीवर उतरवून संसारात परतलेले, गांधीजींच्या चळवळीत व समाजवादी विचारात रमलेले आणि अखेरीस जैन परंपरेला जवळच्या मार्गाने देह ठेवणारे धर्मानंद कोणत्याही एका संप्रदायाच्या चौकटीत पूर्णपणे बसत नाहीत. त्यांच्या चरित्राचे मोल बरेचसे यातच आहे.

बालपण व गृहत्याग

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक असल्याने शालेय शिक्षण तुटपुंजेच राहिले. लहान वयातच त्यांच्यावर घरच्या नारळीच्या बागायतीची देखरेख येऊन पडली आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. बागायत आणि संसार यांत त्यांचे मन रमले नाही. मिळतील ती मराठी पुस्तके ते वाचत. तुकोबांच्या अभंगांनी त्यांना धीर दिला, पण मनाची तळमळ शमली नाही. याच सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेल्या त्या छोट्या चरित्राने या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे आणि मग तो धर्म जेथे जिवंत असेल तेथे जायचे, असा निश्चय त्यांनी केला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांची थोरली कन्या माणिक जन्मली होती. या गृहत्यागाची तुलना सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाशी करण्याचा मोह चरित्रकारांना होतो. परंतु तान्ह्या मुलीसह मागे राहिलेल्या बाळाबाईंना पुढची जवळजवळ सात वर्षे नातलगांच्या आधाराने काढावी लागली, हे विसरून चालणार नाही. या ज्ञानयात्रेची किंमत त्यांनीही मोजली.

काशी ते ब्रह्मदेश

पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर यांची भेट घेऊन ते पुढे उत्तरेस गेले. काशीत अन्नछत्रातील जेवणावर गुजराण करीत त्यांनी शास्त्र्यांच्या घरी संस्कृतचे अध्ययन केले. बुद्धाची जन्मभूमी ज्या देशात, तेथे त्याचा धर्म सापडेल या आशेने १९०२ मध्ये ते नेपाळला गेले, पण तेथील बौद्ध धर्माची तत्कालीन अवस्था पाहून निराश झाले. तेथून ते बुद्धगयेस गेले. पाली ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीपाला जावे लागेल, हे तेथे स्पष्ट झाल्यावर मिळेल त्या मदतीवर प्रवास करीत त्यांनी कोलंबो गाठले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि श्रामणेर दीक्षा घेतली. शाकाहारी माणसाला तेथील आहार मानवेना, प्रकृती ढासळली, आणि त्यांना हिंदुस्थानात परतावे लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले. मूळ ग्रंथ सिंहली वा ब्रह्मी लिपीत असत. म्हणजे ज्या देशात हे वाङ्मय जन्मले, तेथील वाचकाला ते वाचण्यासाठी आधी परकी लिपी शिकणे भाग होते. पाली ग्रंथ नागरी लिपीत आणण्याचा त्यांचा पुढील आयुष्यातील आग्रह या अनुभवातून आला असावा. चीवर अंगावर असतानाच त्यांनी कुशिनगर, लुंबिनी आदी बौद्ध तीर्थांची पायी यात्रा केली.

चीवरत्याग व अध्यापन

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने तेव्हा जोर धरला होता. तेथील नॅशनल कॉलेजात पाली शिकवण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी भिक्षुवेषाचा त्याग केला. पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांनी पालीचे अध्यापन केले. गोव्याहून बाळाबाईंना आणून त्यांनी पुन्हा संसार मांडला. चीवर उतरवले म्हणून बुद्धावरील त्यांची निष्ठा उणावली नाही, आणि गृहस्थाश्रम स्वीकारला म्हणून ते जुन्या धर्माचरणाकडेही वळले नाहीत.

महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून कलकत्ता विद्यापीठाच्या दरमहा २५० रुपयांच्या वेतनावर पाणी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे यासाठी भांडारकरांबरोबर त्यांनीही खटपट केली. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट हे तेथील त्यांचे नामवंत शिष्य होत.

हार्वर्ड व ‘विसुद्धिमग्ग’

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून १९१० मध्ये ते प्रथम अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन वॉरनच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम कोसंबींकडे आले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव असावे, या प्रश्नावर प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये ते काम अर्धवट टाकून परतले. मानापेक्षा श्रमाला न्याय मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे ते आणखी तीन वेळा हार्वर्डला जाऊन आले. १९१८ च्या प्रवासात माणिक व दामोदर ही मुले त्यांच्यासोबत होती.

अमेरिकेतील वास्तव्यात समाजवादी वाङ्मयाशी त्यांचा परिचय झाला. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही गेले. दरम्यान अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातील पुरातत्त्व मंदिरात त्यांनी पंडित सुखलालजी व मुनी जिनविजय या जैन विद्वानांच्या सहवासात काम केले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास भोगला.

विचार व ग्रंथलेखन

बुद्धाविषयीची त्यांची भक्ती चिकित्सेच्या आड आली नाही. वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थास वैराग्य आले, ही सर्वश्रुत कथा त्यांनी ऐतिहासिक मानली नाही. शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून कलह होत असत, शस्त्रे उचलण्याचा हा मार्ग नको वाटून सिद्धार्थाने घर सोडले, असे प्रतिपादन त्यांनी ‘सुत्तनिपाता’तील अत्तदंडसुत्ताच्या आधारे केले. ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही त्यांनी याच दृष्टीने लिहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथातील गृहत्यागाच्या कथेतही रोहिणीच्या पाण्याचा तंटाच केंद्रस्थानी आहे.

‘भगवान बुद्ध’ (दोन भाग, १९४०–४१) हा त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ. साहित्य अकादमीने त्याचे अनुवाद अन्य भारतीय भाषांत प्रसिद्ध केले. प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी केलेल्या विधानांमुळे जैन समाजातील काहींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. स्वतः शाकाहारी व अहिंसेचे कट्टर उपासक असूनही, ग्रंथांत आढळले ते लपवणे त्यांना मान्य नव्हते. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या ग्रंथात त्यांनी वेदकाळापासून सत्याग्रहापर्यंतचा आढावा घेतला असून, अहिंसेला समाजवादाची आणि समाजवादाला अहिंसेची जोड हवी, अशी मांडणी केली आहे. या ग्रंथातील इतिहासविषयक काही तर्क आज टिकणार नाहीत, तरी त्यामागची कळकळ वाचकाला जाणवते.

‘निवेदन’ (१९२४) हे आत्मचरित्र मराठी आत्मचरित्रांत वेगळे उठून दिसते. उपासमार, नैराश्य व फसलेले बेत त्यांनी त्यात कोणताही आव न आणता सांगितले आहेत. ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हे त्यांचे आणखी एक मराठी पुस्तक. याखेरीज त्यांनी ‘अभिधम्मत्थसंगहा’वर पालीत ‘नवनीतटीका’ लिहिली व ‘विसुद्धिमग्गा’ची नागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनामार्फत प्रसिद्ध केली.

बहुजनविहार

मुंबईत परळच्या कामगार वस्तीत १९३७ च्या सुमारास त्यांनी बिर्लांच्या अर्थसाहाय्याने बहुजनविहार स्थापन केला. श्रमिक व अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गाला बुद्धाचा उपदेश कळावा, हा हेतू होता. काही वर्षांनी त्यांनी तेथील कामातून अंग काढून घेतले.

अखेरचे दिवस

उतारवयात कंडूच्या विकाराने ते त्रस्त झाले. शरीर सेवेच्या कामी येत नसेल तर आहार सोडून त्याचा शांतपणे निरोप घ्यावा, असे त्यांना वाटू लागले. १९४६ मध्ये त्यांनी उपोषण आरंभले, परंतु गांधीजींच्या आग्रहामुळे ते सोडले. पुढील वर्षी सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. बौद्ध परंपरा अशा प्रायोपवेशनाचा पुरस्कार करीत नाही. कोसंबींना त्याचा आधार पार्श्वनाथाच्या परंपरेत दिसला होता. गांधीजी तेव्हा दिल्लीत होते. त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत कोसंबींचे आदराने स्मरण केले.

‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ व ‘बोधिसत्त्व’ ही पुस्तके १९४९ मध्ये प्रकाशित झाली. १९५० मध्ये हार्वर्ड ओरिएंटल मालेत ‘विसुद्धिमग्ग’ अखेर छापून आला. त्याच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्यासोबत धर्मानंद कोसंबी यांचेही नाव आहे.