पुस्तक न उघडता मुलं प्रत्यय कसे लावतात? 'मराठीचे पाणिनी' दादोबांची गोष्ट

वर्धा जिल्ह्यातल्या गावात तीन वर्षांचं पोरगं 'घोड्याले चारा दे' म्हणण्याऐवजी कधी 'घोडाले चारा दे' म्हणून जातं. मोठी माणसं हसतात. पण 'घोडाले' त्याने कुणा मोठ्याकडून ऐकलेलंच नसतं. म्हणजे नामाला 'ले' जोडायचा, हा नियम त्याला सापडलेला आहे. राहिलंय ते फक्त घोडाचं घोड्या करणं.

या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. मराठीचे असे नियम मराठीतूनच मांडणाऱ्या सुरुवातीच्या माणसांतलं मोठं नाव म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म १८१४ चा, मुंबईतला. मराठीचं व्याकरण त्याआधीही छापलं गेलं होतं. पण विल्यम केरीचं १८०५ चं पुस्तक इंग्रजीत होतं, मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी. १८३६ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी, दादोबांनी मराठी भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. पुढे शाळेतल्या मुलांसाठी लघु व्याकरणही लिहिलं. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

हे काम सोपं नव्हतं. घोडा आणि शाळा, दोन्ही शब्दांच्या शेवटी 'आ'. तरी एकाचं होतं घोड्यात, दुसऱ्याचं शाळेत. कारण एक पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी. मुलं हेच ऐकून ऐकून पकडतात. आधी ऐकलेलं जसंच्या तसं बोलतात, मग नियम सापडला की तो सगळीकडे लावून चुकतात आणि हळूहळू शब्दांचे गट ओळखतात.

दादोबा शिक्षक होते, नंतर अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. १८४९ मध्ये जातिभेद न मानणारी परमहंस सभा काढण्यात ते पुढे होते. त्यांचे भाऊ आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. १८८२ मध्ये दादोबांचं निधन झालं.

शाळेच्या पुस्तकात आला तो 'ला'. त्यामुळे वर्ध्याचं पोर वर्गात 'घोड्याले' म्हणालं की अशुद्ध ठरतं. पण व्याकरणाने तपासलं तर ते आधी सामान्यरूप करतं, मग प्रत्यय लावतं. 'घोड्याला' म्हणणारं पुण्याचं पोरही तेच करतं. म्हणजे 'घोडाले' ही वयाची चूक आहे, ती आपोआप जाते. 'घोड्याले' मात्र चूक नाहीच, ती त्याच्या घरची मराठी आहे.