माशी छतावर कशी बसते?

दुसरे महायुद्ध चालू असताना, १ जानेवारी १९४१ रोजी, बीबीसी रेडिओवर एक वेगळाच कार्यक्रम सुरू झाला. श्रोत्यांनी पत्राने प्रश्न पाठवायचे आणि स्टुडिओत बसलेल्या मंडळींनी ऐकल्या ऐकल्या उत्तर द्यायचे. प्रश्न आधी दाखवला जात नसे आणि पुस्तक चाळायलाही सवड नसे. छावण्यांत कंटाळलेल्या सैनिकांसाठी काढलेला हा कार्यक्रम पुढे 'ब्रेन्स ट्रस्ट' या नावाने घराघरांत पोहोचला. ऐकणारे एक कोटीच्या वर गेले आणि आठवड्याला हजारो पत्रे येऊ लागली.

सुरुवातीची कायमची माणसे तिघे. जोड हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कोणताही प्रश्न आला की आधी त्यातल्या शब्दाचा अर्थ काय, इथून ते सुरुवात करत. कमांडर कॅम्पबेल हे जगभर भटकलेले दर्यावर्दी. संत्र्याचा मुरंबा खाल्ला की ज्याच्या डोक्यातून वाफ निघते असा एक माणूस आपण पाहिला आहे, असे ते बिनदिक्कत सांगत. (ॲलर्जीचा असा रुग्ण मला अजून भेटायचा आहे.) तिसरे ज्युलियन हक्सली, जीवशास्त्रज्ञ. माशी उडता उडता छताला उलटी कशी चिकटते, हा त्या कार्यक्रमात आलेला प्रश्न खूप गाजला. खात्रीचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. माशी पुढचे पाय डोक्यावर उचलून आधी छताला टेकवते आणि मग कोलांटी घेते, हे अतिवेगवान छायाचित्रणाने पुढे दिसले.

आकाशवाणीच्या फोन-इन कार्यक्रमात मी दोनदा बसलो आहे. समोर लाल दिवा लागला की 'बघून सांगतो' म्हणायची सोय उरत नाही, हे तेव्हा कळले. हक्सलींना हे वर्षानुवर्षे जमले, याचे म्हणूनच मला कौतुक आहे. पण श्रोत्यांना ऐकू येणाऱ्या त्या खणखणीत आवाजामागे एक आजारी माणूस होता.

हक्सली यांचा जन्म २२ जून १८८७ चा. आजोबा थॉमस हेन्री हक्सली हे डार्विनच्या बाजूने जाहीरपणे लढलेले शास्त्रज्ञ, धाकटा भाऊ ऑल्डस कादंबरीकार, आणि सावत्र भाऊ अँड्र्यू यांना मज्जातंतूंतून संदेश कसा जातो या संशोधनासाठी १९६३ चे नोबेल मिळाले. ज्युलियन एकवीस वर्षांचे असताना आई कर्करोगाने गेली. पुढे पाणपक्ष्यांची प्रणयक्रीडा तासन् तास दुर्बिणीतून पाहून त्यांनी जो निबंध लिहिला, तो प्राण्यांच्या वर्तनशास्त्रात आजही महत्त्वाचा मानला जातो.

पंचविशीतच अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये जीवशास्त्र विभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याच सुमारास नैराश्याने त्यांना गाठले. शुश्रूषागृहात राहून ते सावरले, पण पुढच्याच वर्षी आजार उलटला. मधला भाऊ ट्रेव्हेनन हाही नैराश्याने ग्रासून त्याच शुश्रूषागृहात आला. ऑगस्ट १९१४ मध्ये ट्रेव्हेननने आपले जीवन संपवले. आजोबांनाही खिन्नतेचे दीर्घ झटके येत. म्हणजे प्रकरण एका माणसापुरते नव्हते, घराण्यात चालत आलेले होते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात छातीत धडधड, झोप नाही, भूक नाही म्हणून येणाऱ्यांत असे रुग्ण बरेच असतात. घरात अजून कोणाला असा त्रास होता का, असे विचारले की सोबत आलेली माणसे एकमेकांकडे बघतात आणि 'नाही' म्हणतात. काका अचानक कसे गेले ते तिसऱ्या भेटीत कळते. हे वाचताना कोणाला आपले किंवा घरातले कोणी आठवले, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन करायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

हक्सली परत उभे राहिले. १९१९ मध्ये स्विस तरुणी ज्युलिएट बायो हिच्याशी लग्न झाले आणि ऑक्सफर्डला नोकरी लागली. तिथे त्यांनी केलेला एक प्रयोग मला विद्यार्थी असल्यापासून आवडतो. मेक्सिकोच्या तळ्यांत ॲक्सोलोटल नावाचा उभयचर प्राणी असतो. बेडकाचे पिल्लू मोठे होताना पाण्याबाहेर येते, पण हा आयुष्यभर कल्ले बाळगून पाण्यातच राहतो. हक्सलींनी त्याला बैलाची थायरॉइड ग्रंथी खायला घातली. काही आठवड्यांत कल्ले आक्रसले, शेपटीचा पर गेला आणि प्राणी जमिनीवर चालू लागला. १९२० च्या सुरुवातीला हे छापून आले आणि वृत्तपत्रांनी जणू चिरतारुण्याचे औषधच सापडले असा गवगवा केला. खरे तर लाउफबर्गर या चेक संशोधकाने हाच प्रयोग १९१३ मध्ये केला होता, पण हक्सलींना त्याची कल्पना नव्हती.

त्या ग्रंथीचा रस माणसाच्या बाळालाही तितकाच लागतो. जन्मतः तो कमी असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आले नाही, तर मेंदूची वाढ खुंटते. लक्षात आले तर रोजच्या एका स्वस्त गोळीने मूल इतरांसारखे वाढते. म्हणूनच नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करतात. मात्र वजन उतरवायला हीच गोळी मनाने घेणारे लोकही भेटतात. त्यांचे वजन थोडे उतरते, सोबत हृदयाचा ठोका बिघडतो आणि हाडे ठिसूळ होतात.

त्या गवगव्यातून हक्सलींना बहुधा उमगले की विज्ञान लोकांना हवेच असते, आणि शास्त्रज्ञाने ते सांगितले नाही तर दुसरे कोणीतरी तिखटमीठ लावून सांगते. पुढे त्यांनी प्राध्यापकी सोडून एच. जी. वेल्स पितापुत्रांबरोबर सामान्य वाचकांसाठी जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. समुद्रपक्ष्यांवरच्या त्यांच्या लघुपटाला ऑस्कर मिळाले. १९३५ मध्ये ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे सचिव झाले. सप्टेंबर १९४० मध्ये तिथे बॉम्ब पडून एक झेब्रा रस्त्यावर पळाला, तेव्हा त्याला परत आणायला रात्री स्वतः सचिवसाहेब धावले. रेडिओ, व्याख्याने आणि दौरे यांत हा माणूस फार गुंततो, असे संस्थेच्या जुन्या सदस्यांना वाटू लागले. १९४२ मध्ये ती नोकरी सुटली. त्याच वर्षी डार्विनचा सिद्धांत आणि आनुवंशिकी यांची सांगड घालणारे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक निघाले.

दशकाच्या मध्याला आजाराने पुन्हा उचल खाल्ली. या वेळी विजेचे उपचारही घ्यावे लागले. ही पद्धत १९३८ मध्ये इटलीत सुरू झालेली, म्हणजे तशी नवीच. 'शॉक' म्हटले की आपल्याकडे सिनेमातली दृश्ये डोळ्यांपुढे येतात. आज तो भूल देऊन आणि स्नायू सैल करणारे औषध देऊनच दिला जातो. त्याशिवाय देण्यास आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. तीव्र नैराश्यात तो जीव वाचवतो, हे मी पाहिले आहे. हक्सली त्यातून उठले आणि १९४६ मध्ये युनेस्कोचे पहिले महासंचालक झाले. उत्साहाची उंच लाट आणि मग खोल गर्ता, हा फेरा आयुष्यभर चालला. घरच्यांना दोन्ही टोके सोसावी लागली. आज अशा रुग्णाला आम्ही उभयध्रुवीय विकाराच्या तपासणीसाठी पाठवू.

आता एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. हक्सली सुप्रजननाचे, म्हणजे युजेनिक्सचे, पुरस्कर्ते होते. मतिमंद किंवा आनुवंशिक मनोविकार असलेल्यांनी स्वेच्छेने नसबंदी करून घ्यावी, याला त्यांचा पाठिंबा होता. वंशश्रेष्ठत्वाच्या थोतांडावर त्यांनी १९३५ मध्ये हॅडन यांच्यासोबत पुस्तक लिहिले आणि हिटलरच्या कल्पना खोडून काढल्या, हे खरे. पण नाझींच्या अत्याचारांनंतरही त्यांनी सुप्रजनन सोडले नाही. १९५९ ते १९६२ या काळात ते ब्रिटनच्या सुप्रजनन संस्थेचे अध्यक्ष होते. ज्या घरात तीन पिढ्या खिन्नता होती, त्या घरातला हा माणूस! त्याच मोजपट्टीने मोजले असते, तर त्याच्या आजोबांनाच लग्नाची परवानगी मिळाली नसती, आणि मग ते नोबेलही नाही आणि तो रेडिओवरचा आवाजही नाही. हे त्यांच्या बुद्धीला दिसले नसेल असे वाटत नाही. आपण वेगळे, आपले दुखणे म्हणजे प्रतिभेची किंमत, आणि 'ते' म्हणजे दुसरेच कोणी, ही समजूत शिकलेल्या माणसांत मला आजही भेटते. आमच्या पेशातही.

१९५३ चा कलिंग पुरस्कार हक्सलींना मिळाला. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठीचा हा युनेस्कोचा पुरस्कार, त्यामागचा पैसा ओडिशाच्या बिजू पटनायक यांच्या देणगीचा. १९६१ मध्ये वन्यजीव निधीच्या स्थापनेत हक्सली पुढे होते. १४ फेब्रुवारी १९७५ रोजी ते वारले.

त्याआधी, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी आत्मचरित्राचे दोन खंड लिहिले आणि त्यांत स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल उघडपणे लिहिले. त्या पिढीतल्या 'सर' पदवी मिळालेल्या इंग्रजाने हे करणे सोपे नव्हते. ज्युलिएट यांचे पुस्तक १९८६ मध्ये आले, तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. रेडिओवरून घरी परतलेल्या माणसाबरोबरचे दिवस कसे होते, ते त्यात आहे.