पाण्याने हवा वाळवणारे कॅरियर

१९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला सॅकेट-विल्हेल्म्स हा छापखाना हवेने जेरीस आला होता. रंगीत छपाईत एकच कागद चार रंगांसाठी चार वेळा यंत्रातून जाई. मधल्या वेळात हवा दमट झाली की कागद सादळून किंचित वाढे आणि पुढचा रंग आधीच्या रंगावर नेमका बसत नसे. हे दुखणे बफेलो फोर्ज कंपनीकडे आले आणि २५ वर्षांच्या विलिस कॅरियर यांच्यावर सोपवले गेले. कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर होऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते.

कॅरियर यांचा जन्म १८७६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावी, शेतकऱ्याच्या घरात. लहानपणी अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते समजावले. ते अकरा वर्षांचे असताना आई गेली. कोणताही प्रश्न फोडी करून सोडवायची सवय मात्र जन्मभर राहिली.

छापखान्यासाठी त्यांनी आधी क्षाराचा प्रयोग केला. कॅल्शियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणात भिजवलेले तागाचे कापड फिरत ठेवायचे आणि त्यातून हवा सोडायची. हवा कोरडी होई खरी, पण सोबत क्षाराचे कणही येत. छपाईयंत्रे गंजली असती. तो नाद सोडून त्यांनी गार नळ्यांचा आराखडा केला. हवा नळ्यांना लागून दवबिंदूखाली उतरली की जादा बाष्पाचे पाणी होऊन गळते. १७ जुलै १९०२ ही त्या आराखड्याची तारीख. आर्द्रता ५५ टक्के ठेवायची होती, तीही बारा महिने. आज ज्याला आपण एसी म्हणतो त्याचा पहिला रुग्ण माणूस नव्हता, कागद होता!

त्याच वर्षाअखेरीस पिट्सबर्गच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना त्यांच्याभोवती दाट धुके होते. धुक्यातली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली, तरी गार असल्याने त्यात एकूण पाणी थोडेच. मग हवेवर गार पाण्याचेच फवारे मारले, पाण्याचे तापमान ठरवले, की हवेत किती बाष्प उरणार हेही ठरते. पाण्याने हवा वाळवायची ही उफराटी कल्पना १९०६ मध्ये पेटंट झाली. १९११ मध्ये त्यांनी हवा, तापमान आणि बाष्प यांचे गणित मांडले. त्यातून आलेले आलेख इंजिनिअर आजही वापरतात. १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाट्यगृहे, दुकाने, घरे नंतर आली. १९५० मध्ये ते वारले.

गार नळ्यांना एक मर्यादा आहे. हवा फारच कोरडी हवी असेल तर नळ्यांवर बर्फ धरतो आणि काम अडते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. त्यांतले सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांना थोडा ओलावा मिळाला तरी ते पाकिटातच एकमेकांना भिडतात. अशा कारखान्यांत कॅरियर यांनी टाकलेला फिरत्या शोषकाचा मार्ग वेगळ्या रूपात परतला आहे. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक वाटांचे मोठे चाक, आत सिलिका जेल. ते सावकाश फिरते. चाकाच्या मोठ्या भागातून कारखान्याची हवा जाऊन कोरडी होते, उरलेल्या भागातून तापवलेली हवा शोषलेले बाष्प बाहेर काढते. सिलिका जेल कागदासारख्या पत्र्यांत घट्ट बसवलेले असते. ते ओघळत नाही आणि हवेबरोबर क्षारही येत नाही.