आधी मशीनवरच्या माणसाला विचारा

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते. टूल झिजलं की जॉबचं माप बिघडायच्या आधीच त्यांना आवाजावरून कळायचं. पण रिजेक्शन वाढलं की मीटिंग केबिनमध्ये व्हायची आणि बाबांच्या हातात नुसता मेमो पडायचा. आता मी इथे मिशिगनमध्ये कारखान्यांसाठी क्वालिटीचं सॉफ्टवेअर लिहितो. या कामामुळेच डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या माणसाची ओळख झाली.

डेमिंग यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1900 चा, आयोवा राज्यातल्या सू सिटीचा. लहानपण वायोमिंगमधल्या पॉवेल या नव्याने वसलेल्या गावात गेलं, तेही डांबरी कागद ठोकलेल्या झोपडीवजा घरात. शाळेत असल्यापासून ते पडेल ते काम करायचे. 1921 मध्ये ते वायोमिंग विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले आणि 1928 मध्ये येलमधून त्यांनी पीएचडी मिळवली.

येलला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात कामाला जायचे. टेलिफोनची उपकरणं बनवणारे हजारो कामगार, नगावर मजुरी आणि तपासायला इन्स्पेक्टर, असा तिथला कारभार. नग जास्त काढायचे की चांगले, हा पेच कामगाराच्याच गळ्यात!

याच टेलिफोन व्यवसायातले वॉल्टर शूहार्ट पुढे डेमिंग यांचे गुरू झाले. शूहार्ट यांनी 1924 मध्ये कंट्रोल चार्ट तयार केला. प्रत्येक मापात थोडा फरक पडतोच. त्यातला कुठला नेहमीचा आणि कुठला खास कारणाने आलेला, हे त्या चार्टवरून कळतं. डेमिंग यांनी ते पुढे नेलं. खराब माल, झिजलेलं मशीन, अपुरं शिक्षण, यांतून येणारे दोष कामगार बदलू शकत नाही, ते व्यवस्थापनालाच बदलावे लागतात. पण ते आधी दिसतात मात्र कामगाराला. तो घाबरून गप्प बसला तर साहेबापर्यंत पोचतात ते फक्त आकडे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या इंजिनीअर आणि इन्स्पेक्टर मंडळींना हे तंत्र शिकवलं गेलं. युद्ध संपलं, माल हातोहात खपू लागला आणि चार्ट कपाटात गेले. वरच्या साहेबांना आपण शिकवलंच नाही, ही चूक डेमिंग यांनी ओळखली. म्हणून 1950 मध्ये जपानला व्याख्यानांसाठी गेल्यावर त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांनाच समोर बसवलं. व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन त्यांनी तिथल्या संस्थेला देऊन टाकलं आणि 1951 पासून त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. 1962 मध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने तिथे क्वालिटी सर्कल सुरू झाली. कामगार एकत्र बसून आपल्या कामातले दोष स्वतःच शोधू लागले.

आणि अमेरिकेत? 1980 मध्ये एनबीसीवर जपानच्या यशाचा कार्यक्रम लागला, तेव्हा कुठे लोकांना आपल्याच देशातल्या 79 वर्षांच्या या म्हाताऱ्याचा पत्ता लागला. लगेच फोर्डने त्यांना बोलावलं. मोटारींबद्दल बोलतील असं वाटलं होतं, तर ते व्यवस्थापनावरच घसरले!

त्यांचा लाल मण्यांचा खेळ प्रसिद्ध आहे. डब्यात पाचातला एक मणी लाल. 50 भोकांचं फळकुट डब्यात बुडवून फक्त पांढरे मणी काढायचे. लाल आले की बोलणी, कमी आले की शाबासकी. खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही, हे बघणाऱ्या साहेबांना हळूहळू उमगायचं. कारखान्यातून भीती घालवा, कामगाराला आपल्या कामाचा अभिमान वाटू द्या, हे त्यांच्या 14 सूत्रांमध्ये आहे. 20 डिसेंबर 1993 ला, वयाच्या 93 व्या वर्षी ते गेले. पुढे 2003 मध्ये आपल्या महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला डेमिंग पारितोषिक मिळालं.

मागच्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअरमधला ऑपरेटरच्या शेऱ्याचा रकाना काढून टाकायचं घाटत होतं. आकडे पुरेसे आहेत, असं माझंही मत होतं. मग एका कारखान्यात गेलो असताना रात्रपाळीच्या ऑपरेटरने सांगितलं, की सुट्टीनंतर मशीन थंड असतं, म्हणून पहिले काही जॉब मापात बसत नाहीत. आमच्याकडे मशीनच्या तापमानाची नोंदच नव्हती! हे लिहिलं का नाही, असं विचारलं, तर म्हणाला, शेऱ्याखाली नाव येतं आणि नाव आलं की रेटिंगला लागतं.

रकाना राहिला, नाव काढलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सगळं कौतुकाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तो रकाना वाचतं कोण? सोमवारी ऑफिसात मीही तेच विचारलं.