शर्मिष्ठेतला हरवलेला तारा

ग्रीनिच वेधशाळेचे पहिले राजखगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड यांचा जन्म १६४६ मध्ये इंग्लंडमधील डेन्बी गावी झाला. आजारपणामुळे शाळा सुटली, तेव्हा खगोलशास्त्र ते घरीच शिकले. १६७५ मध्ये राजाने त्यांची नेमणूक केली. वेतन वर्षाला १०० पौंड; उपकरणे मात्र बहुतांशी पदरमोड करूनच आणावी लागली.

ऑगस्ट १६८० मध्ये त्यांनी शर्मिष्ठा तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक तारा नोंदवला. पुढे तो कुणालाच सापडला नाही. १९४८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना त्याच्या जवळपास प्रखर रेडिओ स्रोत आढळला. तो होता ‘कॅसिओपिया ए’, गाभा कोसळून फुटलेल्या महाकाय ताऱ्याचा अवशेष. सुमारे ११ हजार प्रकाशवर्षे दूरच्या या स्फोटाचा प्रकाश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवर पोहोचला. एवढा अतिनवतारा साऱ्या जगाला दिसायला हवा होता, पण वाटेतल्या धुळीने तो मंदावला असावा. फ्लॅमस्टीड यांनी पाहिलेला तारा हाच, असे काही अभ्यासक मानतात. जागा नेमकी जुळत नसल्याने इतरांना ती नोंदच चुकीची वाटते.

चुकांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. १७१२ मध्ये न्यूटन आणि हॅले यांनी त्यांची अपुरी तारासूची परस्पर छापली, तेव्हा ४०० पैकी ३०० प्रती मिळवून त्यांनी त्यांतला बराच भाग जाळला. १७१९ मध्ये त्यांचे निधन झाले. सुमारे तीन हजार ताऱ्यांची सूची पत्नी मार्गारेट यांच्या प्रयत्नांनी १७२५ मध्ये प्रसिद्ध झाली. शर्मिष्ठेतला तो तारा तिच्यातही आहे.