कोशकार मोल्सवर्थ

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मुंबईत, विशेषतः लालबाग-परळच्या चाळींत, मराठी भाषा नाना गावांहून येऊन एकत्र नांदत आहे. एखादा कोकणातला मुलगा निबंधात लिहितो की, उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही रात्री खळ्यात बसून आजीच्या गोष्टी ऐकल्या. घाटावरचा त्याचा सोबती ते ऐकून हसतो. कारण त्याच्या गावी खळे म्हणजे धान्य मळण्याची जागा, आणि कोकणात खळे म्हणजे घरापुढील सारवलेले अंगण. एकदा असे हसे झाले म्हणजे तो मुलगा पुढील निबंधातून तो शब्द गाळतो, आणि हळूहळू आजीची भाषा आपली म्हणावयाचीही त्यास लाज वाटू लागते. या दोघांत खरा कोण व चुकला कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर एका परदेशीय गृहस्थाने आपले आयुष्य वेचून दिले आहे. त्या जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ साली झाला. अगदी कोवळ्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. १८१८ साली पेशवाईचा शेवट झाला आणि मराठी मुलखाचा कारभार कंपनीच्या हाती गेला. रयतेचे अर्ज, गाऱ्हाणी, जमिनीचे कागद हे सर्व मराठीत. आणि निवाडा करणारे अधिकारी तर त्या भाषेस परके. शब्दाचा अर्थ चुकला तर एखाद्या गरिबाचे शेत जाण्याचाही प्रसंग यावा, अशी ती स्थिती होती. साधनेही तुटपुंजी होती. विल्यम केरी यांचा कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला गेला होता, व व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ साली मुंबईत निघाला होता. परंतु एवढ्या विस्तीर्ण भाषेस ते अपुरे पडत.

अशा वेळी सरकारने एका मोठ्या मराठी-इंग्रजी कोशाचे काम मोल्सवर्थ यांजवर सोपविले. टॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे जुळे बंधू त्यांचे साहाय्यक झाले, आणि एतद्देशीय ब्राह्मण पंडितांचे साह्य त्यांनी घेतले. याच सुमारास मुंबईत जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले इत्यादी विद्वान मराठी शब्दांचा अर्थ मराठीतच सांगणारा कोश रचीत होते. तो १८२९ साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ यांचे कार्य याहून निराळे होते. त्यांस दोन भाषा समोरासमोर ठेवून एकीचा भाव दुसरीत उतरवावयाचा होता.

हे काम किती बिकट आहे हे समजण्यास पाणी हा एकच शब्द घ्यावा. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द प्राथमिक शाळेतील मूलही सांगेल. परंतु एखाद्याने वडिलोपार्जित हक्कावर पाणी सोडले, कोणाच्या श्रमांवर पाणी पडले, पैलवानाने प्रतिस्पर्ध्यास पाणी पाजले, अथवा अमक्याच्या अंगी पाणी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या प्रतिशब्दाचा कितीसा उपयोग? प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा, आणि तो लोकांच्या तोंडून ऐकल्यावाचून कळावयाचा नाही. मोल्सवर्थ यांनी हे मर्म ओळखले. म्हणून त्यांच्या कोशात नुसते प्रतिशब्द नाहीत. वाक्प्रचार, म्हणी, रीतिभाती यांची तेथे दाटी आहे. शब्द संस्कृतातून आला की फारसी, अरबी वा हिंदुस्थानीतून, हे त्यांनी खुणेच्या अक्षरांनी दर्शविले. कोकणात चालणाऱ्या शब्दांसही त्यांनी वेगळी खूण केली, पण ते अशुद्ध म्हणून टाकून दिले नाहीत.

हा कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. लगोलग त्यांनी इंग्रजी-मराठी कोशास हात घातला. परंतु प्रकृतीने दगा दिला, आणि १८३६ साली ते काम अर्धवट टाकून त्यांस स्वदेशी परतावे लागले. आरंभिलेले कार्य आपल्या हातून पुरे होऊ नये, याहून मोठे दुःख विद्याव्यासंगी मनुष्यास कोणते? सुदैवाने टॉमस कँडी यांनी ते नेटाने चालवून १८४७ साली तडीस नेले. ग्रंथ आरंभिणाराचे व पुरा करणाराचे अशी दोघांचीही नावे त्यावर आली.

मोल्सवर्थ यांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत अनुकरणीय वाटणारा भाग यापुढचा आहे. पहिल्या कोशास मान्यता लाभली होती. स्वस्थ बसले असते तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु पन्नाशी उलटल्यावर ते पुनः समुद्र ओलांडून या देशी आले व आपलाच ग्रंथ आरंभापासून तपासू लागले. अर्थ सुधारले, नवे शब्द मिळविले, आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापून निघाली. शब्दसंख्या आता सुमारे ६०,००० झाली होती. ज्यांचे नाव गिरगावातील शाळा व चौपाटीवरील महाविद्यालय अद्याप धारण करीत आहेत, त्या डॉ. जॉन विल्सन यांनी या आवृत्तीस मराठी भाषेविषयी एक विद्वत्तापूर्ण निबंध जोडला. पुढे बाबा पदमनजी यांनी या कोशाचा संक्षेप केला व तो १८६३ साली निघाला. मोल्सवर्थ अखेरीस मायदेशी परतले व तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांचा कोश मात्र येथेच राहिला. १९३२ पासून निघालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशास त्याचा आधार झाला. १९७५ साली पुण्यास तो पुनः छापला गेला. आणि आता तर तो संगणकावरही पाहावयास मिळतो.

तेव्हा आरंभीच्या त्या दोन मुलांचा तंटा कसा तोडावा? आमच्या मते दोघेही खरे. कोशकाराच्या वहीत दोन्ही अर्थांस जागा आहे, आणि वर्गातही ती असली पाहिजे. तथापि कोणत्याही एका कोशात सगळ्या बोली मावत नाहीत. शेतातले, मागावरचे, चुलीपुढचे कितीतरी शब्द अद्याप कोणी टिपलेले नसतील, आणि ते जाणणारी माणसे दिवसेंदिवस थकत आहेत. म्हणून बालमित्रहो, येत्या सुटीत गावी जाल तेव्हा एक लहानशी वही बरोबर न्या. आजी-आजोबांच्या तोंडचा जो शब्द तुम्हांस नवा वाटेल तो लिहा, त्याचा अर्थ त्यांनाच विचारा, आणि परत आल्यावर शेजारच्या मुलाच्या शब्दाशी तो ताडून पाहा. पालकांनीही या कामी मुलांस हात द्यावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.