व्हिन्सेंट शेफर : ढगातून हिम पाडणारा कारागीर

मृग लागला की सह्याद्रीच्या माथ्यावर ढग येऊन टेकतात आणि थोड्याच दिवसांत दमणगंगेचे पाणी गढूळ होऊन मधुबन धरणाकडे धाव घेऊ लागते. सिल्वासाच्या मुलांना हे दृश्य नवे नाही. पण एखाद्या वर्षी ढग येतात, आकाश काळवंडते, आणि पाण्याचा एक थेंबही न देता ते घाटापलीकडे निघून जातात. ढगात पाणी असूनही ते खाली का येत नाही? हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात हजारो वर्षे असेल. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग ज्या पुरुषाने विमानात बसून, डोंगरावरच्या हिवाळी ढगात शिरून शोधून काढला, तो कोणी पदवीधर शास्त्रज्ञ नव्हता. त्याचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. व्हिन्सेंट जोसेफ शेफर हे त्याचे नाव.

शेफर यांचा जन्म 4 जुलै 1906 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडी या गावी झाला. हे गाव जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते, आणि गावातील बहुतेक घरांची चूल या कारखान्यावर चाले. व्हिन्सेंटला लहानपणापासून रानात भटकण्याचा आणि दगड, झाडे, पाऊलवाटा न्याहाळण्याचा नाद होता. उत्तरेकडील ॲडिरोंडॅक पर्वत ही त्याची खरी शाळा. परंतु घरची प्राप्ती बेताची असल्याने 1922 साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, आईवडिलांनी त्याला शाळा सोडून कामाला लागण्यास सांगितले. मुलाने मुकाट्याने पुस्तके बाजूला ठेवली आणि त्याच कारखान्यात यंत्रकामाचा उमेदवार म्हणून नाव नोंदविले.

चार वर्षांची उमेदवारी संपली, हात तयार झाला. पण चार भिंतींच्या आत मन रमेना. मोकळ्या हवेतील धंदा म्हणून त्याने झाडांची निगा राखण्याचे शिक्षण घेतले व काही काळ ते कामही केले. त्यात पोट भरेना, तेव्हा तो पुन्हा कारखान्याकडे वळला. या वेळी मात्र त्याला कंपनीच्या संशोधनशाळेच्या यंत्रविभागात जागा मिळाली. शास्त्रज्ञांना लागणारी उपकरणे बनवून देणे हे तेथील काम. आयुष्याला वळण मिळाले ते येथे.

त्या संशोधनशाळेत अर्व्हिंग लँगम्युर नावाचे थोर रसायनशास्त्रज्ञ होते. 1932 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्यांनी या तरुण कारागिराला आपला मदतनीस म्हणून निवडले. दोघांनाही डोंगर चढण्याची आवड होती, हे एक कारण. पण खरे कारण शेफर यांचे हात आणि डोळे. सांगितलेले उपकरण ते बनवीत, आणि ते चालवून पाहताना न सांगितलेली गोष्टही टिपून ठेवीत. 1938 पर्यंत ते संशोधनसहायकाच्या पदाला पोहोचले. आपल्याकडे पदवीवाचून माणसाला दार उघडत नाही. त्यांनाही ते उघडले असते असे नाही, लँगम्युर यांच्यासारखा पारखी आत बसला नसता तर.

1940 मध्ये शेफर यांनी एक सुंदर युक्ती काढली. हिमाचा कण हातावर घेताच विरघळतो; त्याचा अभ्यास करावा कसा? त्यांनी एका विद्रावकात पारदर्शक प्लॅस्टिक विरघळवून तो द्रव थंड काचपट्टीवर पसरला आणि त्यावर हिमकण पडू दिला. विद्रावक उडून गेला, हिम वितळून गेले, आणि मागे उरला त्या षट्कोनी कणाचा रेखीव ठसा. तो खोलीत, उबेत, हवा तितका वेळ पाहता येई.

मग महायुद्ध आले. शेफर व लँगम्युर यांच्याकडे सैन्याची अनेक कामे आली. विषारी वायूपासून वाचविणाऱ्या मुखवट्यांच्या गाळण्या आणि शहरे झाकून टाकणारा कृत्रिम धूर ही त्यांतली काही. पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे काम विमानांच्या पंखांवर साचणाऱ्या बर्फाचे. त्यासाठी हे दोघे माउंट वॉशिंग्टन या शिखरावर जाऊ लागले. हे शिखर 1,917 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडेच अधिक. पण तेथील हिवाळा भयंकर. 12 एप्रिल 1934 रोजी तेथे ताशी 231 मैल वेगाचा वारा मोजला गेला होता. अशा ठिकाणी एखादे उपकरण बाहेर ठेवले की बघता बघता त्यावर बर्फाचा जाड थर चढे.

येथे जरा थांबून नीट समजून घेऊ. तो बर्फ आकाशातून पडत नव्हता. डोंगराला आदळलेला वारा उतारावरून वर चढतो, वर चढताना थंड होतो, आणि त्यातील बाष्पाचा ढग बनतो. हिवाळ्यात हा ढग शून्य अंशाच्या खाली दहा-पंधरा अंशांपर्यंत गार असतो. तरीही त्यातील सूक्ष्म थेंब द्रवरूपच राहतात! अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. त्याला गोठावयास काहीतरी निमित्त लागते. एखाद्या घन वस्तूचा स्पर्श झाला की ते तत्क्षणी गोठते. म्हणून शिखरावरची उपकरणे आणि विमानांचे पंख बर्फाने मढून जात. ढगाचे थेंब इतके बारीक असतात की पावसाचा एक थेंब व्हावयास तसे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. पण अशा ढगात हिमाचा एखादा कण निर्माण झाला, तर तो भोवतालच्या थेंबांचे बाष्प ओढून घेत झपाट्याने वाढतो, जड होतो आणि खाली पडू लागतो. स्वीडनचे बर्गेरॉन यांनी 1930 नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली होती. शेफर यांच्यापुढे प्रश्न उरला तो एवढाच : हा पहिला हिमकण आणावयाचा कोठून?

उत्तरासाठी त्यांनी घरगुती शीतपेटी घेतली. आतून काळे मखमल लावले, वरून दिवा सोडला, आणि पेटीत फुंकर घातली. श्वासाच्या वाफेचा इवलासा ढग आत तयार झाला. शून्याखाली वीस अंशांपर्यंत गार, पण हिमाचा कण नाही. महिनोन्महिने त्यांनी त्यात धूळ, माती, राख, नाना प्रकारचे चूर्ण टाकून पाहिले. काही साधेना. 1946 च्या जुलै महिन्यात उन्हाळा कडक होता आणि पेटी पुरेशी गार राहीना. ती लवकर गार व्हावी म्हणून शेफर यांनी तिच्यात कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, एक तुकडा ठेवला. क्षणार्धात सारी पेटी चमचमणाऱ्या हिमकणांनी भरून गेली!

याला योगायोग म्हणून सोडून देणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. शेफर लगेच कारण शोधू लागले. तुकडा लहान केला, आणखी लहान केला. शेवटी अतिशीत द्रवात बुडवून काढलेली सुई फिरविली तरी कण उमटत. म्हणजे महत्त्व त्या पदार्थाला नव्हते, त्याच्या थंडीला होते. शून्याखाली सुमारे चाळीस अंशांवर पाण्याला निमित्ताची गरज उरत नाही. ते आपोआप गोठते. कोरडा बर्फ शून्याखाली अठ्ठ्याहत्तर अंश गार असतो.

पेटीतला ढग झाला, आता आकाशातला. 13 नोव्हेंबर 1946 रोजी वैमानिक कर्टिस टॅल्बट यांच्यासह शेफर एका लहान, एका इंजिनाच्या विमानातून निघाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट ग्रेलॉक या डोंगराकडे सुमारे 14,000 फुटांवर चार मैल लांबीचा एक अतिशीत ढग त्यांना आढळला. तापमान शून्याखाली वीस अंश. शेफर कोरड्या बर्फाचा चुरा सोडू लागले. चुरा सोडणारे यंत्र मध्येच अडले, तेव्हा उरलेला चुरा त्यांनी सरळ खिडकीबाहेर भिरकावला. एकूण बर्फ सहा पौंडांच्या आसपास! काही मिनिटांतच ढगाच्या पोटातून हिमाचे लांब पडदे खाली लोंबू लागले. दूर विमानतळाच्या मनोऱ्यावरून लँगम्युर हे दृश्य पाहत होते. हिम जमिनीवर पोहोचले नाही. सुमारे दोन हजार फूट खाली येताच ते कोरड्या हवेत विरून गेले. तरीही मनुष्याने ठरवून आकाशातील ढगात हिम निर्माण केले होते. दुसऱ्याच दिवशी, 14 नोव्हेंबरला, त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचे कणही हेच काम करतात असे दिसून आले. हिमाच्या स्फटिकाशी त्याच्या स्फटिकाची रचना जुळते, म्हणून थेंब फसतो म्हणा ना!

येथून पुढे मात्र कथा सरळ नाही. 20 डिसेंबरला शेफर यांनी पुन्हा ढगांत चुरा टाकला आणि त्या भागात त्या हिवाळ्यातील सर्वांत मोठा हिमवर्षाव झाला. हिमवर्षावाची शक्यता हवामानखात्याने आधीच वर्तविली होती. पण लोक ते कशाला ध्यानात घेतात? रस्ते बंद पडले, व्यापार बुडाला, याची भरपाई कोणी करावयाची? कंपनीचे वकील घाबरले. 1947 साली सैन्याच्या साहाय्याने सिरस नावाची योजना सुरू झाली, तेव्हा विमाने व वैमानिक सरकारचे, कंपनीच्या माणसांनी फक्त सल्ला द्यावयाचा, असे ठरले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला समुद्रावरील एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकण्यात आला. वादळाने दिशा बदलली आणि ते सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. पुढील अभ्यासात वादळ स्वतःच वळत होते असे आढळले, तरी दोष प्रयोगावर आलाच. पाऊस मिळाला तर श्रेय घेण्यास सारे पुढे येतात. नुकसान कोणाचे, हे विचारताच सभा रिकामी होते.

दुसरा वाद विद्वानांत होता. न्यू मेक्सिकोतील प्रयोगांमुळे दूरच्या पूर्वेकडील राज्यांतही पाऊस वाढला, असा लँगम्युर यांचा दावा होता. हवामानखात्याच्या शास्त्रज्ञांनी तो नाकारला. विमान गेले नसते तर किती पाऊस पडला असता, हे कोणास ठाऊक असते? या एका प्रश्नाने हे शास्त्र सत्तर वर्षे अडवून धरले.

योजना 1952 मध्ये संपली. 1954 साली शेफर यांनी कंपनी सोडली. रॉकी पर्वतात विजांमुळे लागणारे वणवे रोखण्याच्या संशोधनात त्यांनी काही वर्षे घालविली. पुढे ऑल्बनी येथील विद्यापीठात वातावरणशास्त्राचे संशोधनकेंद्र उभारण्यात पुढाकार घेतला आणि 1976 पर्यंत तेथे काम केले. 1948 मध्येच नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली होती. पण मला या उत्तरायुष्यातील दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. 1959 पासून त्यांनी माध्यमिक शाळेतील मुलांसाठी उन्हाळी संशोधनवर्ग चालविले. ज्या वयात त्यांची स्वतःची शाळा सुटली, नेमकी त्याच वयाची ही मुले. आणि 1961 ते 1971 दर हिवाळ्यात ते शास्त्रज्ञांना घेऊन यलोस्टोनच्या बर्फाळ रानात जात. तेथील उष्ण झऱ्यांची वाफ कडक थंडीत वर येताच अतिशीत ढग बने. शीतपेटीतला ढग निसर्गाने जमिनीवरच मांडून ठेवला होता!

शेफर यांची युक्ती आपल्या सह्याद्रीवर जशीच्या तशी चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी जवळजवळ पाच किलोमीटरवर असते, आणि घाटावरचे पुष्कळ ढग तिच्या खालीच राहतात. त्यांत गोठावयास अतिशीत पाणीच नसते. 1951 मध्ये टाटांनी पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 1973 ते 1986 या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या बाजूस विमानातून मिठाचे बारीक चूर्ण ढगांत सोडले. मीठ ओल धरते, त्याभोवती मोठे थेंब जमतात, आणि ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. पाऊस सुमारे 24 टक्के वाढला, असा त्या संस्थेचा निष्कर्ष होता. कोकणकिनाऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला पावसाची मोजदाद करावी लागते याचेच लहानपणी नवल वाटले असते. पर्जन्यछायेतल्या बारामतीकरांना ते वाटणार नाही.

व्हिन्सेंट शेफर 25 जुलै 1993 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी निवर्तले. हिवाळी ढगांचा वाद तोवर मिटला नव्हता. 2017 च्या जानेवारीत आयडाहो राज्यातील पर्वतांवर दोन विमाने एकाच ढगाकडे गेली. एकाने सिल्व्हर आयोडाइड सोडले. वायोमिंग विद्यापीठाचे दुसरे विमान रडार घेऊन त्याच ढगातून फेऱ्या मारीत राहिले. 19 तारखेला रडारच्या पडद्यावर हिमाच्या नागमोडी रेषा उमटल्या. पहिले विमान ज्या मार्गाने गेले होते, त्याच मार्गाची ती आकृती होती, वाऱ्याने थोडी पुढे सरकलेली. आसपासच्या ढगात तसे काहीच नव्हते. त्या एका दिवशी त्या रेषांतून जमिनीवर उतरलेले पाणी सुमारे 1 लाख 23 हजार घनमीटर भरले.